बोबोला हॉलच्या दाराचं भिंग

कोरिन स्कुबिकला आपल्या दाराला एक भिंग बसवून हवं होतं. बाहेर कोण उभं आहे ते आतून दिसावं, यापलीकडे तिची काही महत्त्वाकांक्षा नव्हती. जगातल्या निम्म्या दारांना अशी भिंगं असतात आणि ती बसवली म्हणून कुणाच्या घरी पोलीस आल्याचं ऐकिवात नाही. कोरिनच्या घरी आले. पण ते पुढे.

गार्नेट विद्यापीठाच्या बोबोला हॉलची ती निवास-समन्वयक होती. म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचं आणि वरच्या तीन मजल्यांवरची पहिल्या वर्षाची पोरं एकमेकांना, इमारतीला आणि स्वतःला इजा न करता मे महिन्यापर्यंत पोचतील असं बघायचं. विद्यापीठ जेझुइट पाद्र्यांचं, त्यामुळे तिथे पोरांना शिक्षा होत नसे, आत्मपरीक्षण होत असे. ज्याच्या खोलीत बिअर सापडे त्याला दोन पानं लिहून द्यावी लागत: माझ्या कृतीचा माझ्या समाजावर काय परिणाम झाला. कोरिनने असले निबंध इतके वाचले होते की कुणी मनापासून माफी मागितली, तरी तिला आधी त्याच्या खोलीत जाऊन कपाट उघडून बघावंसं वाटे.

संशय घेणं हा तिच्या नोकरीचाच भाग होता. गोंगाट असला की ती निर्धास्त असे. एखाद्या मजल्यावर शांतता पसरली की जिने चढत धावत जाई. मेणबत्ती, शेगडी, पाहुणे, यांतलं काहीही तिच्या नाकातून सुटत नसे. पाहुण्यांचा नियम तर तिला पाठच होता: तीन रात्री, त्यापुढे एकही नाही, सबबी ऐकल्या जाणार नाहीत.

आणि जानेवारीपासून तिच्या स्वतःच्या घरात तिची आई राहत होती.

कडाक्याच्या थंडीत सरोवराकाठच्या जुन्या घरातला नळ गोठून फुटला आणि मिल्ड्रेड स्कुबिक यांच्या स्वयंपाकघराचं छत त्यांच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं. मिल्ड्रेडबाई लाटणं, हातशिलाईची पिशवी आणि नवऱ्याचा फोटो घेऊन लेकीकडे आल्या, "चार दिवस" म्हणून. नळवाल्याने सांगितलं छतवाला आधी हवा, छतवाल्याने सांगितलं नळवाला आधी हवा, आणि विम्याच्या माणसाने सांगितलं की दोघांनीही काही करायच्या आधी तो येऊन बघणार. तो आला नाही. फेब्रुवारी मात्र आला.

कोरिनची झोप उडाली. मागच्या वर्षी पलीकडच्या हॉलचा समन्वयक डेल्बर्ट एकाएकी नाहीसा झाला होता. त्याने घरात भावाला ठेवलं म्हणून त्याला काढलं, असं कोरिनला कुणीतरी सांगितलं होतं. की तिनेच कुणाला सांगितलं होतं, हे आता तिलाही आठवत नव्हतं. नोकरी गेली की घर जाणार, आणि आईच्या घराचं छत टेबलावर. मग दोघींनी राहायचं कुठे?

त्यामुळे दारावर थाप पडली की आईने न्हाणीघरात जायचं, असा बेत ठरला होता. आता वसतिगृहाच्या समन्वयकाच्या दारावर थाप किती वेळा पडते? कुणाची किल्ली हरवते, कुणाचं प्रेम मोडतं, कुणाला कपडे धुवायच्या यंत्राची भाषा कळत नाही. मिल्ड्रेडबाईंचा अर्धा दिवस टबाच्या काठावर बसून जायला लागला.

"मी काय चोर आहे?" एके दिवशी त्या टबातून म्हणाल्या. "तुझ्या बापाने चाळीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात काढली. त्याच्या बायकोने शब्दकोडी संडासात सोडवायची?"

"आई, हळू बोल."

"मगाशी कोण आलं होतं?"

"पिझ्झावाला. दार चुकला होता."

"म्हणजे पिझ्झावाल्यासाठी मी ओल्या पायपुसण्यावर उभी राहिले. कोरी, कोण आहे ते बघून तरी मला हाकल. दाराला भिंग लाव एक."

कोरिनला हे पटलं. अनोळखी माणूस असेल तर आईने नुसतं पडद्याआड व्हायचं, विद्यापीठाचं कुणी असेल तरच न्हाणीघर. तिने त्याच दुपारी देखभाल खात्याला विनंती पाठवली. तिथे कारण निवडायचं होतं. तुटलं आहे, गळतं आहे, घाण येते आहे, इतर. कोरिनने 'इतर' निवडलं आणि पुढे 'सुरक्षितता' असा एकच शब्द लिहिला. हा शब्द तिला फार निरुपद्रवी वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या पोलिसांतला डोर्सी नावाचा अधिकारी दारात उभा. दाराला भिंग नसल्यामुळे आई अर्थातच न्हाणीघरात.

"कोण त्रास देतंय?" डोर्सीने मायेने विचारलं.

"कुणीच नाही."

"सगळे पहिल्यांदा असंच म्हणतात." त्याने टोपी काढून हातात घेतली. "माजी नवरा?"

"मी लग्नच केलेलं नाही."

"मग तर संशयितांचं वर्तुळ मोठं आहे," डोर्सी म्हणाला, आणि तिच्या खिडकीखालून दर तासाला एक शिपाई फिरेल अशी व्यवस्था करून गेला. परिणामी पडदे दिवसभर ओढलेले राहू लागले, आणि मिल्ड्रेडबाईंना न्हाणीघरातून सुटका झाल्यावर अंधारकोठडी मिळाली.

मग विद्यापीठाच्या 'ध्येय आणि ओळख' विभागाच्या ग्रेलिंगबाई आल्या. या विभागाचं काम काय हे कोरिनला सात वर्षांत कळलं नव्हतं, पण तिथे चहा चांगला मिळे. ग्रेलिंगबाईंचं म्हणणं असं की दार हे आतिथ्याचं प्रतीक आहे.

"आधी बघायचं आणि मग उघडायचं, याचा अर्थ काय होतो, कोरिन? आपला पंथ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसने कुणाकडे भिंगातून पाहिलं असतं का?"

संत इग्नेशियसच्या डोक्यावर पहिल्या वर्षाची पोरं राहत नव्हती, असं कोरिनच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "मी यावर विचार करीन." जेझुइटांच्या विद्यापीठात हे उत्तर कुठेही चालतं.

त्यानंतर समजलं की दार जुन्या ओकचं आहे आणि त्याला भोक पाडायचं तर वारसा समितीची परवानगी लागते. वारसा समितीचे अध्यक्ष रोमला होते. ते परत येईपर्यंत बातमी सगळीकडे झाली होती. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मथळा आला: 'बोबोला हॉलमध्ये कुणाला काय पाहायचं आहे?' खाली कोरिनचा फोटो. सरोवरावरून आलेल्या वाऱ्यात तिने डोळे बारीक केले होते, त्यामुळे ती जन्मजात हेर वाटत होती.

"पोरं म्हणतात तुम्ही आमच्यावर पाळत ठेवणार," दुसऱ्या मजल्याची मजलाप्रमुख ग्वेन लाबोन्ते तिला म्हणाली. ग्वेन तिसऱ्या वर्षाला होती आणि वाईट बातमी ती फार प्रसन्न चेहऱ्याने देत असे.

"ग्वेन, भिंगातून फक्त दारासमोरचा माणूस दिसतो."

"तेच म्हणतात ती. दारासमोरच्या माणसाला काही खाजगी आयुष्य आहे की नाही."

समोरच्या खोलीत फादर केर्नी राहत. वय ऐंशीच्या पुढे, पूर्वी तर्कशास्त्र शिकवत, आता पोरांच्या सोबतीला म्हणून हॉलमध्ये राहायचे आणि दिवसभर दार सताड उघडं टाकून आरामखुर्चीत बसायचे. त्यांनीही सल्ला दिला.

"माझ्या दाराला मी कधी कडीसुद्धा लावली नाही, कोरिन. चोर येऊन काय नेणार? लॅटिनचं व्याकरण? नेऊ दे. त्याचं भलं होईल."

कोरिनला या म्हाताऱ्याचाही संशय यायला लागला होता. त्यांची खुर्ची पूर्वी खिडकीकडे तोंड करून असे. आता ती तिच्या दाराकडे तोंड करून होती.

अखेर अध्यक्ष रोमहून परतले, परवानगी आली, आणि लेस्टर नावाचा सुतार गिरमिट घेऊन आला. आई न्हाणीघरात. लेस्टर सावकाश माणूस होता. दाराकडे त्याने आधी बराच वेळ आदराने पाहिलं.

"असलं ओक आता मिळत नाही."

"हो. लवकर होईल ना?"

"लाकूड घाई करू देत नाही, बाई."

आतून खोकल्याचा आवाज आला. कोरिन चटकन न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आत कोण आहे?"

"पाइप," कोरिन म्हणाली.

"पाइपाला सर्दी झालीय," लेस्टर म्हणाला, आणि गिरमिट फिरवता फिरवता त्याची नजर दाराऐवजी न्हाणीघराकडेच लागून राहिली. कोरिनने त्याला पाणी विचारलं, हवामान विचारलं, बायकोची तब्येत विचारली. एवढ्या चौकशांत कुठल्याही माणसाचं लक्ष उडालं असतं. त्याने भिंग बसवलं, तेही छातीएवढ्या उंचीवर, घाईघाईने हत्यारं गोळा केली, आणि निघताना न्हाणीघराकडे तोंड करून "काळजी घ्या" म्हणाला.

कोरिनने वाकून भिंगाला डोळा लावला. काहीच दिसेना. दूर कुठेतरी, दुधात बुडालेल्या मोहरीएवढा, काहीतरी उजेड होता.

"आई, तुला दिसतंय?"

मिल्ड्रेडबाईंनी डोळा लावला. हे भिंग त्यांच्या सल्ल्याने आलं होतं, त्यामुळे न दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

"आरशासारखं स्वच्छ. एक मुलगा जातोय. लाल स्वेटर."

कोरिनने दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं.

"गेला वाटतं," मिल्ड्रेडबाई म्हणाल्या.

झालं, म्हणजे दोष आपल्या डोळ्यांत, असं कोरिनच्या मनाने घेतलं. ती गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. त्याने तिला फळ्यावरची अगदी खालची ओळ वाचायला लावली, मग त्याखाली छापणाऱ्याचं नाव होतं तेही तिने वाचून दाखवलं. "घारीचे डोळे आहेत तुमचे," डॉक्टर म्हणाला. पूर्वी तिला याचा अभिमान वाटला असता.

आणि मग हॉलमध्ये काहीतरी बदललं.

पोरं चांगली वागू लागली. कोरिनच्या अंगावर शहारे आले. जी मुलं तिला पाहून जिना बदलत, ती थांबून "कशा आहात, मिस स्कुबिक?" विचारू लागली. एका मुलाने तिच्यासाठी दार धरून ठेवलं. दुसऱ्याने विचारलं, थंडीत घरच्या मंडळींची काळजी घेताय ना. तिच्या दारावरची थाप तर जवळपास थांबलीच. किल्ल्या हरवेनात, प्रेमं मोडेनात. ती मार्गिकेत आली की कुजबुज बंद. आणि सर्वांत मोठं कोडं म्हणजे बुटांच्या नाड्या. साऱ्या हॉलच्या बुटांच्या नाड्या नेमक्या तिच्याच दारासमोर सुटायला लागल्या होत्या. ऑफिसातून परत येताना दुरून बघावं तर कुणी ना कुणी तिथे वाकलेलं, तिला पाहताच ताठ होऊन निघून जाणारं. एकदा तर एक मुलगी वाकली होती, तिच्या पायांत चपला होत्या.

"काहीतरी मोठं शिजतंय," कोरिन आईला म्हणाली. "हे सगळे मिळून माझी काहीतरी खोडी काढणार आहेत."

"मला तो पाद्री बरा वाटत नाही," मिल्ड्रेडबाई कणीक मळता मळता म्हणाल्या.

"का?"

"असंच. चेहऱ्यावरून लबाड वाटतो."

हे बोलताना त्यांनी मान वर केली नाही. कोरिनने ते पाहिलं आणि मनात टिपून ठेवलं. स्वतःच्या आईवर संशय घ्यायची वेळ यावी, याचं तिला वाईट वाटलं, पण घेतला.

कणीक हा आणखी एक घोर होता. अंधारात बसून बसून मिल्ड्रेडबाईंना सुचे ते एकच: पोटीत्सा, म्हणजे अक्रोडाचं सारण गुंडाळून भाजलेला त्यांच्या माहेरचा गोड पाव. त्याचा वास ओकचं दारही अडवू शकत नाही. तो तळमजल्यावरून निघे आणि जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत जाई. कोरिनने यावर जो उपाय केला त्याची तिला पुढे फार लाज वाटली. तिने सगळ्या हॉलची बैठक घेतली.

"गेले काही दिवस," ती कडक आवाजात म्हणाली, "इमारतीत कुणीतरी बेकायदा भाजतंय."

साऱ्या पोरांनी एकदम आपापल्या बुटांकडे पाहिलं. नाड्या घट्ट होत्या.

"मला नाव सांगा असं मी म्हणत नाही. ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं."

"मिस स्कुबिक," मागून एक मुलगा म्हणाला, "जो कुणी भाजतो, तो अक्रोड जरा जास्त घालतो का हो?" हशा पिकला. कोरिनने त्याचं नाव विचारलं. ग्वेनने पटकन बैठक संपवली.

मार्चच्या सुरुवातीला निवास विभागाचे संचालक व्हर्नन ऑल्ट यांचा निरोप आला: आगीला दाद न देणाऱ्या दाराला भोक पाडलं आहे, तेव्हा अग्निसुरक्षेचा माणूस घेऊन उद्या सकाळी पाहायला येतो. ऑल्ट हे मोजकं बोलणारे, नीटनेटके गृहस्थ. ते कुणावर ओरडल्याचं कोरिनला आठवत नव्हतं आणि तिला त्यांची तीच गोष्ट सर्वांत भयंकर वाटे.

"उद्या सकाळभर तू वाचनालयात जाऊन बस," तिने आईला सांगितलं.

"उद्या पीठ फुगायला ठेवायचंय."

"आई, माझी नोकरी जाईल."

"बरं बाई. जाते." मिल्ड्रेडबाईंनी हे इतक्या सहज कबूल केलं की कोरिनला तिथेच कळायला हवं होतं.

सकाळी ती ऑल्टना इमारतीच्या फाटकावरच भेटली. बरोबर पर्विस नावाचा अग्निसुरक्षेचा माणूस होता. तिघं मार्गिकेतून चालत आले. दाराजवळ दोन मुलं वाकलेली होती, ती सटकली. फादर केर्नींचं दार नेहमीसारखं उघडं होतं, खुर्ची मात्र रिकामी होती.

"हेच का ते?" ऑल्ट म्हणाले आणि गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी बाहेरूनच भिंगाला डोळा लावला.

"बाहेरून काही दिसत नाही, सर," कोरिन हसून म्हणाली.

"छान दिसतंय की," ऑल्ट म्हणाले.

कोरिनचं हसू चेहऱ्यावर राहून गेलं, हसणारी मात्र निघून गेली.

"सबंध खोली दिसते. टेबल आहे. पांढरा फडका घातलेलं पातेलं आहे. फादर केर्नी आहेत." ऑल्टनी डोळा जरा दाबला. "आणि केस कुरळे करायच्या गुंडाळ्या लावलेल्या एक बाई आहेत. पत्ते चाललेत. बाई पाणी आणायला उठल्या. फादर त्यांचे पत्ते बघताहेत."

पर्विसनेही वाकून पाहिलं. "उलटं बसवलंय," तो म्हणाला.

कोरिनच्या डोळ्यांसमोरून एकेक नाडी सरकत गेली. लाल स्वेटर, चपलांतली मुलगी, अक्रोड. सबंध हॉलने तिचं सबंध घर पाहिलं होतं. तिने ते जुने गुलाबी पायमोजे घालून किती वेळा झाडलोट केली, आईशी भांडताना किती वेळा चमचा परजला, हे सगळं तिला एकदम आठवलं.

दार आतून उघडलं. मिल्ड्रेडबाई हातात पेला घेऊन उभ्या होत्या.

"मी म्हटलं ना, बाहेर कुणीतरी आहे," त्या फादरना म्हणाल्या. मग ऑल्टकडे वरपासून खालपर्यंत पाहून, "तुम्ही नळवाले का?"

"नाही."

"मग बायकांच्या घरात डोकावता कशाला? आईने काही शिकवलं नाही?"

ऑल्ट कानापर्यंत लाल झाले. फादर केर्नी टेबलावरून सावकाश उठले. हातातले पत्ते त्यांनी पालथे ठेवले.

"व्हर्नन, ये. ही मिल्ड्रेड. आज सकाळी डाव मांडू या, असं मीच हिला म्हटलं. समोरून इथवर चालत आलो आणि बसलो. हिचं स्वतःचं घर सरोवराच्या काठी आहे, मोठं घर आहे, आणि तिथे परत जायचा हिचा विचार पक्का आहे."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. ऑल्टनी तो संपेपर्यंत ऐकून घेतला.

"फादर, मी तुमच्याकडे तर्कशास्त्र शिकलोय."

"आठवतंय. जेमतेम पास झाला होतास."

"पण झालो होतो," ऑल्ट म्हणाले, आणि कोरिनकडे वळले.

या क्षणी काय काय म्हणता येतं, हे कोरिनइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशी आहे, आजच आली. मैत्रिणीची आहे, माझी नव्हे. झोपत नाही, नुसती बसते. असल्या सगळ्या सबबी तिने याच दारात उभं राहून ऐकल्या होत्या आणि प्रत्येक वेळी भुवई उंचावली होती. आज त्यांतली एकही तिला उचलवेना.

"ती माझी आई आहे," ती म्हणाली. "जानेवारीपासून आहे. तिच्या घराचं छत पडलं. मी तुमच्यापासून लपवलं, आणि पोरांना मात्र याच नियमासाठी निबंध लिहायला लावले. भिंगसुद्धा त्यासाठीच. आम्ही आठवड्याभरात जाऊ. कुठे ते माहीत नाही, पण जाऊ."

जिन्याच्या वळणावर तोवर बरीच डोकी जमली होती.

"मला विचारलं का नाहीत?" ऑल्ट म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मी काय म्हणालो असतो, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"डेल्बर्टला भावाला ठेवलं म्हणून काढलं ना."

"डेल्बर्टला शिकागोत नोकरी लागली. त्याने केक आणला होता. तुम्ही खाल्लात, कोरिन. दोन तुकडे." ऑल्टनी चष्मा काढून पुसला. "घरावर संकट आलं तर जवळच्या माणसाला ठेवायची परवानगी देता येते. मागायची असते. एक फोन."

एक फोन. पोलीस नको, संत इग्नेशियस नको, रोम नको.

"आजपासून परवानगी आहे," ऑल्ट म्हणाले. "घर नीट होईपर्यंत. राहिला नियम मोडल्याचा प्रश्न." त्यांनी चष्मा परत चढवला. "दोन पानं. तुमच्या कृतीचा समाजावर काय परिणाम झाला. सोमवारपर्यंत."

जिन्यावर कुणीतरी टाळी वाजवली आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. पर्विसने दार नापास केलं, तिथे नवं, बिनभिंगाचं दार लागेल असं सांगितलं आणि तोवर म्हणून भोकावर चिकटपट्टी लावली. मिल्ड्रेडबाईंनी दोघांनाही पोटीत्सा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ऑल्टनी दुसरा तुकडा मागून घेतला. फादर जाऊन बसले तेव्हा त्यांचे पत्ते जागेवर होते, पण मिल्ड्रेडबाईंनी तेवढ्यात ते पाहून घेतले होते.

त्या दुपारी कोरिनने ग्वेनला गाठलं.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून," ग्वेन प्रसन्न चेहऱ्याने म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाही?"

"ठरवलं होतं सांगायचं. पण मग तुम्ही विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं. सगळा मजला सापडला असता." ग्वेनने जरा विचार केला. "शिवाय पत्त्यांत रंग भरला होता. फादर फसवतात हे तुमच्या आईला माहीत आहे की नाही, यावर आमच्यात दोन तट होते. आणि खरं सांगू का, मिस स्कुबिक? तुम्ही कामावर गेलात की त्या एकट्याच असायच्या. कुणीतरी येता-जाता बघितलेलं बरं, असं पोरांना वाटलं."

कोरिनचं नाक एकदम चोंदल्यासारखं झालं, आणि या वेळी त्याचा वासाशी काही संबंध नव्हता.

निबंध लिहिणं मात्र तिला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. ती बैठकीच्या खोलीत कागद घेऊन बसली, तर अक्रोडवाला मुलगा येऊन खांद्यावरून वाचू लागला. त्याने गेल्या शरदातच असे तीन लिहिले होते, म्हणजे तो या क्षेत्रातला अनुभवी.

"'समाज' हा शब्द पहिल्या परिच्छेदातच यायला हवा," तो म्हणाला. "आणि शेवटी 'मी वाढले' असं लिहा. त्यांना ते आवडतं."

"त्यांना म्हणजे मला."

"हो. तुम्हाला आवडायचं ना?"

कोरिनने तो कागद फाडला, आणि दुसऱ्यावर 'समाज' हा शब्द न वापरता, मला वाटलं होतं की सगळे माझ्यावर टपून बसलेत, अशी सुरुवात केली. ते दोन पानांत मावलं नाही.

पुढचे दिवस मिल्ड्रेडबाई उजळ माथ्याने वावरल्या. पडदे उघडले. ग्रेलिंगबाई येऊन आतिथ्यावर बोलून गेल्या आणि जाताना पावाचे चार तुकडे घेऊन गेल्या. डोर्सी येऊन "म्हणजे माजी नवरा नव्हताच?" असं काहीशा निराशेने विचारून गेला. एप्रिलमध्ये विम्याचा माणूस अचानक उगवला, मग छतवाला आणि नळवाला एकाच दिवशी आले आणि एकमेकांना दोष देत देत काम पुरं करून गेले.

आई निघाली त्या दिवशी सामान उचलायला सबंध हॉल खाली आला. एकेका पिशवीला तीन तीन जण. मिल्ड्रेडबाईंनी प्रत्येक पिशवी गाडीत पडेपर्यंत तिच्यावरची नजर हलवली नाही. फादर केर्नींनी त्यांचा हात हातात घेतला.

"मिल्ड्रेड, मला तुझ्यापाशी कबुली द्यायची आहे. मी तुझे पत्ते बघत होतो."

"ठाऊक आहे. म्हणून तर मी चांगले पत्ते मांडीवर ठेवायची," मिल्ड्रेडबाई म्हणाल्या. "गुरुवारी बसने येईन. पत्ते माझे आणीन."

कोरिन स्टिअरिंगशी बसली. मिल्ड्रेडबाई शेजारी बसल्या, पर्स मांडीवर घेतली, आणि खिडकीतून हात हलवणाऱ्या पोरांकडे बघत, ओठ फारसे न हलवता म्हणाल्या,

"कोरी, ही पोरं फार चांगली वागतात."

"हो."

"तिसऱ्या मजल्यावर टोकाच्या न्हाणीघरात बदक आहे."

कोरिनने किल्ली फिरवली होती, तो हात तसाच राहिला. तिने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर शेवटच्या खिडकीचा पडदा घाईघाईने ओढला गेला.

"सरोवराकाठी बर्फात सापडलं. पंख दुखावलाय. पावाच्या कडा मी त्यालाच देत होते. फादरनाही माहीत आहे. पंधरा दिवसांत उडेल, असं तो प्राण्यांचा डॉक्टर होणारा मुलगा म्हणतो." त्यांनी पर्स सावरली. "तुला सांगायचं नाही असं मी कबूल केलं होतं, पण आता मी काही तिथली पाहुणी नाही."

पोरं अजून हात हलवत होती. इतक्या जोरात कुणी विनाकारण हात हलवत नाही, हे कोरिनला आता स्वच्छ दिसत होतं.

"आई," ती म्हणाली, "पट्टा लाव."

आणि तिने गाडी रस्त्यावर घेतली.